बी.एस्सी.ची वर्षं आणि गावची विहीर

चिंतामणराव देशमुख म्हटलं की रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आठवतात, संयुक्त महाराष्ट्रासाठी सोडलेलं अर्थमंत्रिपद आठवतं. ते पदवीने विज्ञानाचे विद्यार्थी होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवलेला हा मुलगा केंब्रिजच्या जीझस कॉलेजात वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकला. १९१७ साली तो तिथली ट्रायपॉस उत्तीर्ण झाला आणि वनस्पतिशास्त्राचं फ्रँक स्मार्ट पारितोषिकही त्याने मिळवलं.

१९५९ मध्ये याच देशमुखांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवा समिती नेमली गेली. शालेय शिक्षण संपवून महाविद्यालयात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने आधी नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा सक्तीने करावी, असं समितीने सुचवलं. खर्च आणि अंमलबजावणीच्या अडचणी पाहता ते स्वीकारलं गेलं नाही. पुढे शिक्षणतज्ज्ञ के. जी. सैयदैन यांनी इतर देशांतल्या योजनांचा अभ्यास करून सेवा ऐच्छिक असावी अशी शिफारस केली. अखेर गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, केंद्रीय शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. तीच आपली एन.एस.एस. दोन वर्षांत २४० तास काम आणि दत्तक गावात सात दिवसांचं विशेष शिबिर, ही तिची चौकट.

शिबिराचा दिवस साधारण सगळीकडे सारखाच. मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत, पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक सत्र, रात्री गावकऱ्यांसमोर कार्यक्रम. यातलं काहीच मला कमी लेखायचं नाही. रस्ता झाडताना आणि चर खणताना मुलं माणसांत मिसळतात. पण विज्ञान शाखेची मुलं येताना आपलं विज्ञान कॉलेजच्या कपाटात बंद करून येतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

विहिरीचंच घ्या. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हे गावातल्या बाया अचूक सांगतात. ईडीटीएचं टायट्रेशन केलेल्या मुलाला त्यामागची पाण्याची कठीणता मोजता येते. लालसर रंग निळा झाला की ब्युरेटवरचा आकडा वाचायचा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालते. जंतूंसाठी एच.टू.एस.ची बाटली आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये मांडलेली ही चाचणी अगदी सोपी आहे. पाणी भरून बाटली एक-दोन दिवस उबदार जागी ठेवायची. ते काळं पडलं तर मैला मिसळल्याची शंका घ्यायची. शेजारी उकळून थंड केलेल्या पाण्याची बाटलीही हवी. तुलनेसाठी नियंत्रित नमुना का ठेवायचा, हे पुस्तकात वाचून जितकं कळतं त्याहून जास्त शाळेच्या ओसरीवर कळतं. तिथे एखादी आजी विचारतेच, "ही दुसरी बाटली कशाला रं?"

मग येतं शुद्धीकरण. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल, तर ते सुमारे १,१३,००० लिटर भरतं. ३३ टक्के क्लोरीन असलेल्या टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरची किमान मात्रा हजार लिटरला अडीच ग्रॅम धरली, तर लागतात साधारण २८० ग्रॅम. पाणी गढूळ असेल तर जास्त. पण ग्रामपंचायतीत तोंड उघडं पडलेल्या गोणीत ३३ टक्के क्लोरीन उरलेला असतो का? उघड्यावर, दमट हवेत तो उडून जातो. थायोसल्फेटचं टायट्रेशन करून ब्लीचिंग पावडरमधला उपलब्ध क्लोरीन काढणं हे रसायनशास्त्राचं नेहमीचं प्रात्यक्षिक. विद्यार्थी ते गुणांसाठी करतात आणि विसरतात. याच प्रात्यक्षिकाने जलसुरक्षकाला सांगता येतं की मात्रा किती वाढवायची आणि गोणी कशी बांधून ठेवायची. पावडर टाकल्यावर तासाभराने ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट करायची. पाणी पिवळं झालं की क्लोरीन शिल्लक आहे. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम तरी हवा.

नेतृत्व म्हणजे माईक हातात घेणं, असा समज कॉलेजात पक्का रुजलेला असतो. माझ्या मते त्याचा खरा कस लागतो बाटली काळी पडल्यावर. विहीर सगळ्या आळीची असते, शेजारचा उकिरडा कुणाचा तरी असतो. अशा वेळी गटनायक मुलीला ग्रामस्थांसमोर उभं राहून नेमकं सांगावं लागतं: या चाचणीने शंका आली आहे, खात्रीसाठी नमुना जिल्हा प्रयोगशाळेत पाठवू, तोवर पाणी उकळून प्या. कुणाला दोष द्यायचा नाही, घाबरवायचं नाही आणि निष्कर्ष पुराव्यापुढे न्यायचा नाही. पुराव्याइतकंच बोलण्याची ही शिस्त तिला तिच्या विषयानेच दिलेली असते.

"अभ्यास बुडतो" ही पालकांची तक्रार खोटी नाही. परीक्षा आणि प्रात्यक्षिकं शिबिरासाठी थांबत नाहीत. म्हणून प्राध्यापकांनी हे काम प्रात्यक्षिकाच्या तासिकेतच गुंफावं: नमुने गावाचे, टायट्रेशन कॉलेजच्या प्रयोगशाळेत, वहीत नोंद त्याच आकड्यांची. नव्या शैक्षणिक धोरणात या कामाला श्रेयांक मिळू लागले आहेत. ते मिळावेतच, पण अहवालाची एक प्रत मराठीत ग्रामपंचायतीत पोहोचल्याशिवाय देऊ नयेत, असं मला ठामपणे वाटतं. आणि शिबिर हिवाळ्यात झालं असलं तरी पहिल्या पावसानंतर त्याच विहिरीचा नमुना पुन्हा घ्यायला हवा. गावभरची घाण वाहत विहिरीत उतरते ती तेव्हाच.