व्यावसायिक फुटबॉलपटूंचे निलंबन आणि नैसर्गिक न्यायाचा प्रश्न : अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीगच्या संदर्भात

प्रस्तावना :

आपल्याकडील सेवानियमांच्या परिभाषेत निलंबन ही शिक्षा मानली जात नाही. चौकशी चालू असताना कर्मचाऱ्यास कामापासून दूर ठेवण्याची ती तात्पुरती व्यवस्था असते व त्या काळात त्यास निर्वाह भत्ता मिळतो. अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलमध्ये मात्र निलंबन ही स्वतःच शिक्षा आहे. निलंबित खेळाडू ठरावीक सामने खेळू शकत नाही आणि त्या सामन्यांचे वेतनही त्यास मिळत नाही. आपल्या अर्थाच्या निलंबनाशी मिळतीजुळती अशी 'आयुक्तांची सूट-यादी' तेथे वेगळी आहे. त्या यादीतील खेळाडू सवेतन बाहेर राहतो. खेळाडूची कारकीर्द अल्पकाळाची असते आणि हंगामात मोजकेच सामने होतात. त्यामुळे चार किंवा सहा सामन्यांचे निलंबनही आर्थिक व व्यावसायिकदृष्ट्या जड ठरते. ही शिक्षा कोणी द्यावी, तिच्याविरुद्धचे अपील कोणी ऐकावे आणि न्यायालयाने त्यात कितपत लक्ष घालावे, या तीन प्रश्नांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. आयुक्तांचे अधिकार :

नॅशनल फुटबॉल लीग ही संस्था १९२० साली स्थापन झाली. आज तिच्यात ३२ संघ आहेत. संघमालक लीगचा आयुक्त निवडतात. २००६ पासून रॉजर गुडेल हे आयुक्त आहेत. खेळाडूंची संघटना १९५६ मध्ये उभी राहिली. लीग व संघटना यांच्यात वेळोवेळी सामूहिक करार होतो आणि वेतन, सराव, विमा यांप्रमाणेच शिस्तीचे नियमही त्यात ठरतात.

२०११ च्या कराराचे ४६ वे कलम या विषयात कळीचे आहे. खेळाच्या सचोटीला किंवा लोकांच्या खेळावरील विश्वासाला बाधक वर्तन झाल्यास आयुक्त खेळाडूस दंड किंवा निलंबन करू शकतात. खेळाडू अपील करू शकतो, परंतु ते अपील ऐकण्याचा अधिकारही आयुक्तांना आहे. ते स्वतः सुनावणी घेऊ शकतात किंवा अन्य व्यक्तीस नेमू शकतात. मैदानावरील धसमुसळेपणाच्या शिक्षांबाबत मात्र लीग व संघटना यांनी मिळून नेमलेले अधिकारी अपील ऐकतात. म्हणजे तुलनेने किरकोळ शिक्षेसाठी त्रयस्थ अधिकारी आणि प्रतिष्ठेला धक्का देणाऱ्या शिक्षेसाठी शिक्षा देणारेच अपील अधिकारी, अशी ही रचना होती.

२. टॉम ब्रॅडी प्रकरण :

१८ जानेवारी २०१५ रोजी न्यू इंग्लंड पेट्रियट्सने इंडियानापोलिस कोल्ट्सवर ४५-७ असा विजय मिळविला. सामन्यातील चेंडूंमधील हवेचा दाब नियमानुसार प्रति चौरस इंच १२.५ ते १३.५ पौंड असावयास हवा होता. पेट्रियट्सच्या चेंडूंत तो कमी आढळला. लीगने थिओडोर वेल्स या वकिलांकडे चौकशी सोपविली. मे २०१५ मधील त्यांच्या अहवालाचा निष्कर्ष सावध होता. संघाच्या कर्मचाऱ्यांनी हवा काढली असण्याची आणि संघाचा क्वार्टरबॅक टॉम ब्रॅडी यास त्याची किमान ढोबळ कल्पना असण्याची शक्यता, तसे नसण्याच्या शक्यतेपेक्षा अधिक आहे, एवढेच त्यात म्हटले होते. या आधारे ब्रॅडीवर चार सामन्यांचे निलंबन लादण्यात आले. त्या काळी साखळी हंगाम सोळा सामन्यांचा होता. म्हणजे हंगामाचा चौथा हिस्सा गेला. संघास दहा लाख डॉलर दंड झाला.

अपील गुडेल यांनी स्वतः ऐकले आणि २८ जुलै २०१५ रोजी शिक्षा कायम केली. ब्रॅडीने आपला मोबाइल फोन नष्ट करविला, या बाबीवर त्यांनी निर्णयात विशेष भर दिला. प्रकरण फेडरल न्यायालयात गेले. न्यायाधीश रिचर्ड बर्मन यांनी ३ सप्टेंबर २०१५ रोजी तीन कारणांनी निलंबन रद्द केले : अशा वर्तनास निलंबनाची शिक्षा होऊ शकते याची पूर्वसूचना खेळाडूस नव्हती, चौकशीत सहभागी असलेल्या लीगच्या प्रमुख विधी अधिकाऱ्यांची उलटतपासणी घेऊ दिली नाही, आणि चौकशीची कागदपत्रे दोन्ही पक्षांना समान उपलब्ध नव्हती. ही तिन्ही कारणे विभागीय चौकशीशी परिचित असलेल्या वाचकांस ओळखीची वाटतील.

तथापि २५ एप्रिल २०१६ रोजी अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने हा निर्णय फिरविला. आयुक्तांचा निर्णय योग्य होता की नाही हे न्यायालयाने तपासावयाचे नसून, तो करारातून मिळालेल्या अधिकाराच्या कक्षेत आहे की नाही एवढेच पाहावयाचे आहे, असे बहुमताचे म्हणणे होते. आयुक्तांच्या पक्षपाताचा आक्षेपही मान्य झाला नाही; कारण आयुक्तांनीच अपील ऐकावे हे संघटनेने करारात मान्य केले होते. मुख्य न्यायाधीश रॉबर्ट कॅट्झमन यांनी भिन्नमत नोंदविले. अपिलाच्या टप्प्यावर आयुक्तांनी शिक्षेचा आधारच बदलला आणि हाताला चिकट द्रव्य लावण्यासारख्या अधिक जवळच्या गैरवर्तनास केवळ दंड होतो याचा विचार केला नाही, असा त्यांचा आक्षेप होता. जुलै २०१६ मध्ये ब्रॅडीने लढा थांबविला व त्या हंगामाचे पहिले चार सामने तो बाहेर राहिला.

३. न्यायालये मर्यादा का पाळतात?

या निकालामागे अमेरिकन कामगार कायद्याची जुनी भूमिका आहे. मालक व कामगार यांनी आपले वाद न्यायालयाबाहेर, स्वतः निवडलेल्या लवादापुढे मिटवावेत, हे धोरण तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६० मधील पोलाद कामगारांच्या तीन निकालांत दृढ केले. लवादाने करारास धरून निवाडा दिला असेल, तर तो चुकीचा वाटला तरी न्यायालय त्यात हात घालीत नाही. बेसबॉलपटू स्टीव्ह गार्व्ही याच्या प्रकरणात २००१ साली हीच भूमिका पुन्हा मांडण्यात आली. ॲड्रियन पीटरसन याचे निलंबन फेब्रुवारी २०१५ मध्ये जिल्हा न्यायालयाने रद्द केले. ऑगस्ट २०१६ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णयही याच तत्त्वावर उलटविला.

या धोरणामुळे वाद लवकर मिटतात. मात्र त्यात एक गृहीत दडलेले आहे. ते म्हणजे लवाद त्रयस्थ असतो. १९६० च्या निकालांतील लवाद दोन्ही पक्षांना मान्य असलेली तटस्थ व्यक्ती होती. ब्रॅडी प्रकरणात शिक्षा देणाऱ्या अधिकाऱ्याच्याच निर्णयास लवादाच्या निवाड्याचे संरक्षण मिळाले.

४. त्रयस्थ व्यक्तीपुढील अपील :

अपील ऐकणारी व्यक्ती बदलल्यास काय घडते, हे रे राइस प्रकरणातून दिसते. भावी पत्नीस मारहाण केल्याबद्दल जुलै २०१४ मध्ये त्यास दोन सामन्यांचे निलंबन झाले. शिक्षा फारच सौम्य असल्याची टीका झाली. सप्टेंबरमध्ये मारहाणीची चित्रफीत प्रसिद्ध होताच लीगने त्यास बेमुदत निलंबित केले. राइसने आपल्याला खरी हकीकत सांगितली नव्हती, असे लीगचे म्हणणे होते. अपील निवृत्त न्यायाधीश बार्बरा जोन्स यांच्यापुढे चालले. राइसने लीगची दिशाभूल केली नव्हती, म्हणून एकाच कृत्याबद्दल दिलेली ही दुसरी शिक्षा मनमानी ठरते, असा निर्णय देऊन त्यांनी २८ नोव्हेंबर २०१४ रोजी निलंबन रद्द केले. कृत्य निंद्य होते याविषयी दुमत नव्हते. परंतु गुन्ह्याची घृणा व प्रक्रियेची शुद्धता हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, हे या निर्णयाने अधोरेखित केले. राइस पुन्हा लीगमध्ये खेळला नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

५. २०२० चा करार :

या वादांनंतर २०२० च्या करारात मर्यादित बदल झाला. वैयक्तिक वर्तनाच्या प्रकरणांत प्राथमिक निर्णय लीग व संघटना यांनी संयुक्तपणे नेमलेला शिस्तपालन अधिकारी देतो व त्याने काढलेले वस्तुस्थितीविषयक निष्कर्ष बंधनकारक असतात. मात्र शिक्षेविरुद्धचे अपील आयुक्त किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती ऐकते. डेशॉन वॉटसन प्रकरणात निवृत्त न्यायाधीश स्यू रॉबिन्सन यांनी १ ऑगस्ट २०२२ रोजी सहा सामन्यांचे निलंबन सुनावले. ते अपुरे मानून लीगनेच अपील केले. अपिलाचा निकाल लागण्यापूर्वी तडजोड होऊन अकरा सामन्यांचे निलंबन व पन्नास लाख डॉलर दंड ठरला. म्हणजे त्रयस्थ अधिकारी आला, पण शेवटचा शब्द लीगकडेच राहिला आणि तडजोडीच्या वेळी खेळाडूस याची जाणीव होती. खेळाच्या सचोटीची, म्हणजे ब्रॅडीसारखी, प्रकरणे तर या सुधारणेच्या बाहेरच राहिली.

६. भारतीय कायद्याशी तुलना :

स्वतःच्या प्रकरणात कोणीही न्यायाधीश असू नये, हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने क्रैपाक प्रकरणात १९६९ साली प्रशासकीय निर्णयांनाही लागू केले. लवाद कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने, एखाद्या पक्षाचा कर्मचारी किंवा सल्लागार लवाद होण्यास अपात्र ठरविण्यात आला. ही अपात्रता पक्षांना माफ करता येते. पण त्यासाठीची लेखी संमती वाद उद्भवल्यानंतर दिलेली असावी लागते. करारात आधीच दिलेली संमती पुरेशी नाही. ब्रॅडी प्रकरणात नेमकी आधीची संमतीच निर्णायक ठरली. दोन्ही देशांतील कायद्यांचे क्षेत्र भिन्न असल्याने ही तुलना ताणता येणार नाही. तरीही संमती केव्हा दिली यास किती महत्त्व द्यावे, याविषयीचा दृष्टिभेद तीतून स्पष्ट होतो.

समारोप :

संघटनेने स्वेच्छेने मान्य केलेल्या अटीबद्दल नंतर तक्रार करू नये, हा युक्तिवाद सहज खोडता येत नाही. २०११ च्या वाटाघाटी टाळेबंदीच्या छायेत झाल्या. उत्पन्नातील वाटा आणि सरावाचे तास हे तेथील मोठे विषय होते. वाटाघाटीत प्रत्येक हक्काची किंमत मोजावी लागते. परंतु ती किंमत संघटना ठरविते आणि पुढे कधीतरी एखादा खेळाडू एकटा मोजतो. करार होताना कोणाचे प्रकरण उभे राहणार आहे हे कोणासही माहीत नसते. म्हणूनच शिस्तीचे कलम सर्वांत कमी चर्चिले जाण्याचा धोका असतो. ज्या कोणत्याही संस्थेत चौकशी व अपील यांचे नियम ठरतात, तेथे हे कलम प्रकरण उभे राहण्यापूर्वीच बारकाईने वाचले जावे, हाच या वादांचा व्यापक बोध होय.