जेबेडायाचं यान पुन्हा कोसळलं

रॉकेट लॉन्च पॅडवर उभं आहे. स्पेसबार दाबला की पहिला टप्पा पेटायचा. दाबला. इंजिन धडाडलं आणि त्याच क्षणी शेंड्यावरचं पॅराशूटही सुटलं, कारण टप्प्यांचा क्रम लावताना पॅराशूटची खूण इंजिनाच्या ओळीतच राहून गेली होती. वेग वाढताच छत्री फाटते आणि परत येण्याचं साधन सुरुवातीलाच संपतं. आत बसलेला हिरवा, मोठ्या डोक्याचा वैमानिक जेबेडाया मात्र कोपऱ्यातल्या चौकटीत खुशीत हसतो आहे.

‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ हा गेम खेळलेल्या जवळपास प्रत्येकाच्या नावावर हा अपघात जमा असतो. अंबरनाथ-बदलापूरच्या घरांतली शाळा-कॉलेजातली मुलंही त्याला अपवाद नाहीत. उल्हासनगरच्या दुकानातून सुटे भाग घेऊन जुळवलेल्या साध्या कॉम्प्युटरवर तो चालतो. एकदा उतरवून घेतला की त्याला इंटरनेट लागत नाही. मधेच लाइट गेली तरी एफ-५ दाबून जतन केलेली मोहीम तिथूनच पुढे सुरू करता येते.

या गेमचा जन्म मेक्सिको सिटीतल्या स्क्वॉड नावाच्या जाहिरात कंपनीत झाला. तिथं काम करणाऱ्या फेलिपे फलांगे या ब्राझिलियन तरुणाला लहानपणी फटाक्यांच्या रॉकेटवर चांदीच्या कागदाची माणसं बसवून उडवायचा नाद होता. त्या माणसांना तो ‘कर्बल’ म्हणायचा. दिवाळीत बाटलीत रॉकेट उभं करून त्याला काहीबाही बांधून पाहिलेल्या आपल्याकडच्या कोणालाही हा नाद समजावून सांगायला नको. २४ जून २०११ रोजी गेमची पहिली आवृत्ती लोकांसमोर आली आणि २७ एप्रिल २०१५ रोजी पूर्ण आवृत्ती. त्याच वेळी व्हॅलेंटिना ही वैमानिक जेबेडाया, बिल आणि बॉब यांच्या जोडीला आली. प्रत्येक कर्बलच्या नावापुढे दोन पट्ट्या असतात, एक धैर्याची आणि दुसरी मूर्खपणाची.

चित्रं बाळबोध वाटली तरी आतलं गणित खरं आहे. कर्बिन या ग्रहाची त्रिज्या फक्त ६०० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या दहाव्या हिश्शाहूनही थोडी कमी, पण गुरुत्वाकर्षण पृथ्वीइतकंच. वातावरण ७० किलोमीटरवर संपतं. खालच्या कक्षेत टिकायला सेकंदाला सुमारे २,३०० मीटर वेग पुरतो. पृथ्वीभोवती तोच ७,८०० मीटरच्या आसपास लागतो. ग्रह लहान केल्यामुळे खेळणाऱ्याला अर्ध्या तासात कक्षा गाठता येते, पण मूळ नियमांत सूट नाही. सरळ वर उडवलेलं रॉकेट खूप उंच गेलं तरी सहसा खालीच पडतं. कक्षेत राहायचं तर आडवा वेग हवा, ही गोष्ट पुस्तकात वाचून अनेकांना पटत नाही. इथं तिसऱ्या-चौथ्या उड्डाणात ती हाताला कळते.

माझं म्हणणं एवढंच आहे की या गेममधले अपघात हसवतात कारण ते न्याय्य असतात. नशीब, लपलेला शत्रू, वेळेचं बंधन यांपैकी काहीच मधे येत नाही. सौर पॅनल लावायला विसरलात तर बॅटरी संपते, यान मुकं होतं आणि शेजारून ग्रह जात असताना नुसतं बघत बसावं लागतं. रॉकेट उंच आणि सडपातळ बांधलं तर ते मधेच लवतं, डुलतं आणि तुटतं. यावर जुन्या खेळाडूंचा सल्ला एकच, आणखी आधारदांड्या लावा. शिडी विसरलात तर ड्यूना ग्रहावर झेंडा लावून आलेला वीर स्वतःच्याच यानाच्या दाराखाली ताटकळतो.

यातला सगळ्यात गाजलेला प्रकार मुनवरचा. मुन म्हणजे कर्बिनचा चंद्र. पहिलं यान उतारावर टेकतं आणि सावकाश आडवं होतं. माणूस जिवंत, यान निकामी. मग सुटकेसाठी दुसरं यान जातं. ते नीट उतरतं, अडकलेल्याला आत घेतं, पण परतताना इंधन कमी पडतं आणि यान कर्बिनभोवती लांबट कक्षेत फिरत राहतं. आता दोघांना आणायला तिसरं. काही जण तिसरं न पाठवता निराळा उपाय करतात. कर्बलला बाहेर काढायचं, पाठीवरचा जेटपॅक चालू करायचा आणि यानाला नाकाकडून ढकलत राहायचं. जेटपॅक संपला की आत जाऊन पुन्हा बाहेर यायचं. असं थोडं थोडं ढकलून कक्षेचा सर्वात खालचा बिंदू ७० किलोमीटरच्या आत आणला की पुढचं काम हवा करते. हा उपाय कोणी शिकवलेला नसतो. खालचा बिंदू उतरवायचा तर वरच्या बिंदूवर वेग कमी करायचा, हे डोक्यात बसलं की तो आपोआप सुचतो.

डॉकिंग, म्हणजे कक्षेत दोन यानं एकमेकांना जोडणं, हे आणखी एक उलटं गणित. समोर दिसणाऱ्या यानाकडे जोर लावला की आपलं यान वरच्या, लांबच्या कक्षेत जातं आणि उलट मागे पडतं. पुढच्याला गाठायचं तर आधी वेग कमी करून खाली उतरायचं. जून १९६५ मध्ये जेमिनी-४ मधून जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच रॉकेटच्या सुटलेल्या टप्प्याजवळ जाण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांनाही हाच अनुभव आला आणि इंधन वाचवण्यासाठी प्रयत्न सोडावा लागला. इस्रोचे ‘स्पेडेक्स’चे दोन उपग्रह ३० डिसेंबर २०२४ रोजी उडाले, डॉकिंगची तारीख पुढे ढकलावी लागली आणि १६ जानेवारी २०२५ रोजी ते जोडले गेले. ज्यांनी कर्बलमध्ये कधी डॉकिंग करून पाहिलं होतं, त्यांना त्या दिवसांतला धीर वेगळाच समजला असेल.

काही अपघातांत मात्र दोष खेळणाऱ्याचा नसायचा. सुरुवातीच्या आवृत्त्यांत दूर गेलेलं यान एकाएकी थरथरायचं आणि त्याच्या चिंधड्या उडायच्या. खेळाडूंनी या अदृश्य राक्षसाचं नाव क्राकेन ठेवलं. कारण साधं होतं: गेम ज्या आकड्यांनी जागा मोजतो त्यांत सातेक अंकच अचूक राहतात. मूळ बिंदूपासून यान फार लांब गेलं की उरलेली चूक सांध्यांपेक्षा मोठी होते आणि भाग एकमेकांपासून सरकल्यासारखे दिसून तुटतात. उपाय असा केला की मूळ बिंदू यानापाशीच ठेवायचा आणि सगळं विश्व त्याच्याभोवती हलवायचं. एखाद्या बगवर काढलेला इतका देखणा तोडगा मी दुसरा पाहिलेला नाही.

अपघात पचले की खेळाडू स्वतःलाच कोडी घालू लागतात. ‘जूल-५’ म्हणजे जूल या महाकाय ग्रहाच्या लेथ, व्हॉल, टायलो, बॉप आणि पॉल या पाचही चंद्रांवर एकाच मोहिमेत उतरून परत येणं. त्यातला टायलो भयंकर: आकार कर्बिनइतका, गुरुत्वाकर्षणही मोठं, पण हवा नाही. म्हणून पॅराशूट निरुपयोगी, सगळा वेग इंजिनानंच मारायचा. ईव्ह या ग्रहावर उतरणं सोपं, पण दाट हवेतून आणि पृथ्वीच्या १.७ पट ओढीतून वर येताना भलेभले हात टेकतात. ‘एल्कानो’ आव्हानात एखाद्या गोलाला चाकांच्या गाडीनं किंवा बोटीनं पूर्ण फेरी मारायची. मॅगेलनच्या मोहिमेतून १५२२ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतलेल्या दर्यावर्दीचं हे नाव आहे.

गेमला मर्यादा आहेत. यानावर एका वेळी एकाच गोलाची ओढ धरली जाते, त्यामुळे दोन गोलांच्या ओढीतून तयार होणारे लाग्रांज बिंदू त्यात नाहीतच. ६ जानेवारी २०२४ रोजी इस्रोचं आदित्य-एल१ जिथं पोचलं, ती जागा मूळ गेममध्ये अस्तित्वातच नाही; त्यासाठी खेळाडूंनीच बनवलेली ‘प्रिन्सिपिया’सारखी जोड लागते. २०२३ मध्ये अर्धवट अवस्थेत आलेल्या दुसऱ्या भागानं निराशा केली आणि पुढच्याच वर्षी त्याचं काम थांबलं. खेळावा तो पहिलाच.

आपल्या पट्ट्यात तर त्याला विशेष अर्थ आहे. अंबरनाथला शीळ-बदलापूर रस्त्यावर डीआरडीओची नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळा आहे. पाणबुडीला जास्त काळ पाण्याखाली ठेवणारी फ्युएल सेलची यंत्रणा तिथली. गेममधला फ्युएल सेलचा ठोकळा जोडणाऱ्या मुलाला हे सांगितलं पाहिजे. मध्य रेल्वेच्याच मार्गावर विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात इस्रोची विकास इंजिनं तयार होतात. खाली रायगडात रसायनीला हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सचा नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा प्रकल्प होता. कंपनीची तिथली बाकीची युनिटं बंद करायचं ठरलं, तेव्हा २०१७ मध्ये सरकारनं हा एक प्रकल्प इस्रोकडे द्यायचा निर्णय घेतला, कारण विकास इंजिनात इंधन जाळायला हेच रसायन लागतं. म्हणूनच इथल्या शाळांच्या कॉम्प्युटर कक्षात हा गेम असावा असं मला मनापासून वाटतं. शिक्षकांसाठी ‘कर्बलएज्यु’ नावाची आवृत्तीही निघाली होती.

आणि तिथं पहिलं आव्हान इस्रोचं पीएसएलव्ही रॉकेट बांधण्याचं असावं. हे रॉकेट रचनेनं विलक्षण आहे: पहिला टप्पा घन इंधनाचा, दुसरा द्रव, तिसरा पुन्हा घन, चौथा पुन्हा द्रव. घन इंधनाची मोटर एकदा पेटली की विझवता येत नाही, गेममध्येही नाही. त्यामुळे तिसऱ्या टप्प्यानंतर वेग नेमका हवा तेवढा कधीच बसत नाही, आणि छोट्या चौथ्या टप्प्यानं कक्षा घासूनपुसून पुरी करावी लागते. मुलांनी टप्पे सोडण्याचा क्रम आधी चुकवावा. २० सप्टेंबर १९९३ रोजी पहिल्या पीएसएलव्हीचा दुसरा टप्पा सुटताना तोल गेला, सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे तो सावरला नाही आणि यान बंगालच्या उपसागरात पडलं. पुढचं उड्डाण १५ ऑक्टोबर १९९४ रोजी यशस्वी झालं. मधल्या वर्षभरात इस्रोनं जे केलं, तेच मुलांनी एका दुपारी करावं: नोंदी काढाव्यात, कुठल्या सेकंदाला काय सुटलं ते पाहावं, पॅराशूटची खूण खालच्या ओळीत न्यावी आणि पुन्हा स्पेसबार दाबावा.