चार सेकंदांनंतरची गाडी

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात मोटारीला ताशी 100 किलोमीटरची मर्यादा आहे. बीएमडब्ल्यूची 2023ची एम2 ही कूपे उभ्या जागेवरून तो आकडा ऑटोमॅटिक गिअरवर 4.1 सेकंदांत गाठते, हाताच्या गिअरवर 4.3 सेकंदांत. म्हणजे टोलनाक्यावरून सुटल्यावर कायद्याने दिलेली सगळी मजा पाठचा ट्रक दुसरा गिअर टाकायच्या आत संपलेली असते. त्यानंतर लोणावळ्यापर्यंत जे उरतं त्याला मी गाडी म्हणते, आणि पैसे त्याचे मोजायचे असतात.

माझा मावसभाऊ साताऱ्यात दातांचा डॉक्टर आहे. मुलं हॉस्टेलला गेली, कर्ज फिटलं, आणि पन्नाशी जवळ येताच त्याला दोन दारांची गाडी हवीशी झाली. “ताई, तू बघून सांग,” म्हणाला. चाकणला शॉकअप तपासण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं, तरी एरवी नातेवाईक मला ‘अ‍ॅव्हरेज किती देते’ यापलीकडे काही विचारत नाहीत. त्याच्या एका पेशंटकडे 2023ची एम2 होती, तीही हाताने गिअर टाकायची. ती एका सकाळी मिळाली. सातारा, वाई, पसरणीचा घाट, पाचगणी असा बेत ठरला. मागच्या सीटवर मावशी.

आधी आकडे उरकून घेऊ. तीन लिटरचं, एका ओळीत सहा सिलिंडरचं, दोन टर्बो लावलेलं पेट्रोल इंजिन. ताकद 460 अश्वशक्ती. पण खरा आकडा पुढचा आहे: 550 न्यूटन-मीटरचा पीळ 2,650 फेऱ्यांपासून 5,870 फेऱ्यांपर्यंत जवळपास सपाट मिळतो. आपण ज्याला पिकअप म्हणतो तो इथून येतो. उसाच्या ट्रॉलीमागून निघताना गिअर बदलायची धांदल नाही, पाय दाबला की गाडी निघाली. चार सेकंदांत शंभर याचा हिशेब मांडला, तर तेवढा वेळ सीट तुम्हाला तुमच्या वजनाच्या साधारण सत्तर टक्के जोराने पुढे ढकलत असते. पहिल्यांदा हसू येतं. मग सवय होते. या सवयीबद्दल शोरूममध्ये कुणी बोलत नाही.

या घराण्याचा मूळपुरुष 1973चा, बीएमडब्ल्यू 2002 टर्बो. अश्वशक्ती 170, आणि पुढच्या पट्टीवर ‘टर्बो’ ही अक्षरं उलटी, पुढच्या गाडीवाल्याला आरशात सुलट दिसावीत म्हणून. नेमकं त्याच वर्षी तेलसंकट आलं आणि जेमतेम 1,672 गाड्या बनल्या. एवढा आगाऊपणा आज कुणी करणार नाही; एम2 आपला आगाऊपणा फुगवलेल्या चाककमानींत दाखवते.

आता घाट. माझ्या मते या गाडीची परीक्षा पसरणीसारख्या ठिकाणीच होते, कारण तिथे वेग पन्नासच्या आतच राहतो. वळणात आतलं मागचं चाक हलकं होतं. साध्या गाडीत ताकद त्या हलक्या चाकाकडे पळते आणि चाक नुसतं फिरतं. एम2च्या मागच्या डिफरन्शियलमध्ये इलेक्ट्रॉनिक ताब्यातला क्लच आहे, तो ती ताकद बाहेरच्या, रस्त्याला घट्ट बसलेल्या चाकाकडे वळवतो. परिणाम असा की वळण पुरतं संपायच्या आतच हलकासा अ‍ॅक्सिलरेटर देता येतो आणि गाडीचं नाक आत येतं. हे चाळीसच्या वेगालाही जाणवतं. गिअर, क्लच आणि आपली दोन्ही पावलं कामात असतात. थोरल्या एम4पेक्षा दोन्ही आसांमधलं अंतर 110 मिलिमीटरने कमी आहे, त्यामुळे हेअरपिन वळणांत ती चटकन फिरते.

हेच कमी अंतर वाई ओलांडेपर्यंत खटकत होतं. आस जवळ असले की लाटेसारख्या उंचसखल रस्त्यावर गाडी पुढेमागे डुलते. ते आवरायला शॉकअप कडक ठेवावे लागतात. एम2चे शॉकअप इलेक्ट्रॉनिक आहेत. झडपा तेलाची वाट अरुंद-रुंद करतात आणि ‘कम्फर्ट’ ते ‘स्पोर्ट प्लस’ असे प्रकार निवडता येतात. आपल्याकडे ‘कम्फर्ट’ सोडून दुसऱ्याला हात लावू नये. त्यातही स्पीडब्रेकर सावकाश ओलांडला तर ती शहाण्यासारखी वागते. तुटलेल्या डांबराची कड मात्र थेट कण्याला कळते. दोष शॉकअपचा कमी, टायरचा जास्त. मागचं टायर 285/30, म्हणजे रबराची भिंत उणीपुरी 85 मिलिमीटर. ह्युंदाई क्रेटाच्या 215/60 टायरची भिंत 129 भरते. मधली हवेची गादी इतकी पातळ केल्यावर खड्डा कुठेतरी जाणारच! वर डिक्कीत स्टेपनी नाही. मिरज रस्त्यावर रात्री टायर फाटलं तर काय करायचं, हे मावसभावाला विचारलं. तो गप्प बसला.

वजन 1,700 किलो, स्विफ्टच्या जवळपास दुप्पट. चढताना इंजिन ते लपवतं; पाचगणीहून उतरताना ब्रेकवर पाय ठेवला की सगळं समजतं. ब्रेक भक्कम आहेत, तक्रार नाही. गाडी लहान दिसते, पण हलकी नाही.

पुढच्या सीट उत्तम. मांडीला आधार लांब, कंबरेला घट्ट, आणि घाटात शरीर स्टिअरिंगला लोंबकळत नाही. एसीचं तापमान बदलायला मात्र पडद्यावर बोट न्यावं लागतं, हे मला चालत्या गाडीत पटत नाही. मागे दोनच जागा. मावशी पुढची सीट दुमडून आत गेली खरी. वाईच्या अलीकडे म्हणाली, “बाळा, गाडी छान आहे, पण माझे गुडघे कुठे ठेवू ते सांग.” 390 लिटरची डिक्की चांगली मोठी आहे. सामान आरामात जाईल, आई नाही.

आता पैसा. एम2 मेक्सिकोत बनते आणि भारतात तयार येते. अमेरिकेत 2023 साली तिची किंमत सुमारे 63 हजार डॉलर, तिथला विक्रीकर सोडून. म्हणजे तेव्हाच्या दराने बावन्न लाखांच्या आसपास. इथे ती 98 लाखांना आली. 2024च्या अखेरीस 480 अश्वशक्तीची सुधारित गाडी 1.03 कोटींना. अमेरिकेतल्या आणि इथल्या किमतीतला फरक बंदरावरचं सीमाशुल्क आणि त्यावरचे कर खातात. शिवाय महाराष्ट्रात तयार आयात गाडीला रस्ता कर 20 टक्के, म्हणजे वीस लाखांच्या घरात. सप्टेंबर 2025मध्ये उपकर जाऊन 40 टक्के जीएसटी आला आणि मोठ्या गाड्यांचं गणित बदललं. आजचा आकडा शोरूममधून लेखी घ्यावा.

शेजारी ठेवायची ती एम340आय. त्याच कंपनीची, सहाच सिलिंडरची, 374 अश्वशक्तीची, चारही चाकांना ताकद देणारी, आणि चेन्नईत जुळवलेली. शंभर गाठायला 4.4 सेकंद. 2024 साली ती पंचाहत्तर लाखांना होती, आणि देशात जुळवलेली असल्याने रस्ता कर 13 टक्के. दोन्हींचा कर धरला तर तफावत अडतीस लाखांच्या आसपास जाते. एवढे पैसे देऊन आपण सेकंदाचे काही दशांश वाचवतो आणि दोन दारं गमावतो. त्या बदल्यात ते डिफरन्शियल आणि, हवा असेल तर, हाताचा गिअर मिळतो.

म्हणून माझं मत असं: घरात एकच गाडी असेल तर एम2 घेऊ नका, एम340आय घ्या आणि आईला पुढे बसवा. दुसरी गाडी दारात असेल, तर एम2 हाताच्या गिअरचीच घ्या. ऑटोमॅटिक जास्त वेगवान आहे, पण तो वेग खर्च करायला आपल्याकडे रस्ता नाही. गिअर टाकण्याचं सुख मात्र पन्नासच्या वेगालाही वसूल होतं. आणि शोरूमवाल्याने गुळगुळीत हमरस्त्यावर फेरी देऊ केली तर नको म्हणा. त्याला मागच्या सीटवर बसवा, गावातून स्पीडब्रेकर मोजत न्या, परत येताना किंमत बोला.