देवाचा आवाज ऐकायचा म्हणजे नेमकं काय?
आमच्या कंपनीत कपात चालू आहे. पुढच्या महिन्यात नोकरी असेल का, ठाऊक नाही. अशा वेळी मी १ राजे, अध्याय १९ उघडतो.

ईजबेल राणीच्या धमकीने पळालेला एलीया मरण मागतो. देव लगेच उपदेश करत नाही. झोपू देतो, देवदूताकरवी भाकर-पाणी देतो. मग ४० दिवस चालून होरेब डोंगर. तिथे वारा, भूकंप, अग्नी. पण देव त्यांत नव्हता. नंतर आली अगदी हळू वाणी. तिने भविष्याचा सगळा नकाशा दिला का? नाही. परतीची वाट, पुढची कामं आणि अलीशासारखा सोबती दिला.

म्हणून मी आधी नीट जेवतो, झोपतो, फोन बाजूला ठेवतो. मग एवढंच विचारतो: प्रभू, उद्या काय करू?