रॅमचे व्होल्टेज : किती पुरे, किती घातक

निवासी शाळांच्या संगणक कक्षांत येणारे संगणक पुष्कळदा कुणाच्या तरी कार्यालयातून निवृत्त झालेले असतात. असे यंत्र काम करता करता निळा पडदा दाखवून थांबले की, ‘रॅमचे व्होल्टेज थोडे वाढवून पाहा’ असा सल्ला हमखास मिळतो. दोन विद्यार्थ्यांमागे एक संगणक असलेल्या आमच्यासारख्या ठिकाणी तो पारखल्यावाचून स्वीकारणे परवडणारे नाही. आम्ही इतिहासाचे शिक्षक. म्हणून उत्तरही इतिहासातूनच शोधले.

रॅमच्या प्रत्येक पिढीचे प्रमाण व्होल्टेज ‘जेडेक’ ही संस्था ठरवते. डीडीआरसाठी ते २.५ व्होल्ट होते; पुढे डीडीआर-२ साठी १.८, डीडीआर-३ साठी १.५, डीडीआर-४ साठी १.२ आणि डीडीआर-५ साठी १.१ झाले. अधिक वेगाच्या हौसेखातर मात्र डीडीआर-३ च्या काही पट्ट्या १.८ ते २ व्होल्टवर चालविल्या जात. इंटेलच्या संगणकांत तोवर ते निभावले, कारण रॅमचे नियंत्रण मदरबोर्डवरील वेगळ्या चिपकडे होते. २००८ मध्ये इंटेलच्या पहिल्या कोअर आय-७ प्रोसेसरमध्ये हे नियंत्रण प्रोसेसरच्याच पोटात आले. तेव्हा १.६५ व्होल्टपेक्षा अधिक दिल्यास प्रोसेसरलाच इजा पोहोचू शकते, असा इशारा देण्यात आला. काही मदरबोर्डांवर रॅमच्या खाचेपाशी तशी चिठ्ठीही चिकटवलेली असे. म्हणजे प्रश्न एकट्या रॅमचा उरला नाही. पट्टी किती सोसते एवढेच पाहणारा जाणकार आमच्या मते अर्धाच जाणकार होय.

प्रत्यक्षात प्रथम पट्टीवरील लेबल वाचावे. ‘पीसी३एल’ असल्यास ती १.३५ व्होल्टची, ती १.५ वरही चालते. मात्र साध्या डीडीआर-३ पट्टीला १.५ व्होल्टच हवेत, म्हणून दोन्ही एकत्र बसवल्यास १.५ ठेवावे. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ कळ दाबून बायोस उघडावे आणि ‘डीरॅम व्होल्टेज’ची नोंद ‘ऑटो’वर असू द्यावी. डीडीआर-४ च्या वेगवान पट्ट्यांवर १.३५ लिहिलेले असते. ते ‘एक्सएमपी’ या उत्पादकाने आखलेल्या मांडणीचे आहे. ती मांडणी निवडताना प्रोसेसर व मदरबोर्ड यांची मर्यादा पाहावी. हाताने आकडे भरू नयेत.

तरीही यंत्र अडखळले, तर व्होल्टेज वाढवण्याआधी वेग एक पायरी खाली आणावा. पट्ट्या काढून, संपर्काची टोके पुसून, एकेक बसवून ‘मेमटेस्ट८६’ रात्रभर चालवावे. बिघाड बहुधा येथेच सापडतो. एखादी पट्टी प्रमाण व्होल्टेजवर आणि प्रमाण वेगावरही चुका दाखवत असेल, तर ती बदलावी. दाब वाढवून तिचे आयुष्य ओढत नेणे म्हणजे महागड्या प्रोसेसरला जामीन ठेवणे.

चुकीच्या नोंदीमुळे संगणक सुरूच होईनासा झाला, तर वीजजोडणी काढून मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल काही मिनिटे बाहेर ठेवावा. बहुतेक मदरबोर्डांत सर्व नोंदी मूळ पदावर येतात. तारीख आणि वेळ मात्र पुन्हा लावावी लागते.