आपत्तीतील संपर्क आणि उपलब्ध साहित्यातील अँटेना : माकणी परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपाने लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे दहा हजार लोकांचा बळी घेतला. किल्लारीप्रमाणेच आजच्या लोहारा तालुक्यातील सास्तूर गावाची अपरिमित हानी झाली. निम्न तेरणा प्रकल्पासाठी ओळखले जाणारे माकणी याच टापूत येते. अशा प्रसंगी 'कोठे काय हवे' हे बाहेर कळविणे ही मदतकार्याची पहिली गरज असते. १९९३ मध्ये ही गरज भागविण्यासाठी हौशी रेडिओचालक (हॅम) भूकंपग्रस्त भागात दाखल झाले होते. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर पोर्ट ब्लेअर येथून भारती प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच कार्य केले. असे केंद्र उभारताना ऐनवेळी मिळेल त्या साहित्यातून अँटेना कशी करता येते व तिची शास्त्रीय मर्यादा कोणती, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

अंतराचा प्रश्न

माकणीहून सरळ रेषेत सोलापूर सुमारे ७५, हैदराबाद २२०, पुणे २८५, तर मुंबई ४०० किलोमीटर आहे. हातातील लहान संच साधारणतः १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात व त्यांच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. सपाट प्रदेशात ९ मीटर उंचीवरील अँटेनाचे रेडिओ-क्षितिज सुमारे १२ किलोमीटरवर संपते. म्हणजे गावोगावच्या पथकांमधील संपर्कास हे संच पुरेसे असले, तरी मध्ये पुनःप्रक्षेपण केंद्र नसल्यास जिल्ह्याबाहेर त्यांचा उपयोग नाही. दूरच्या संपर्कासाठी ७ मेगाहर्ट्झसारख्या लघुलहरी लागतात. आयनांबरावरून परावर्तित होऊन त्या पुन्हा जमिनीवर येतात.

तारेची अँटेना

अर्धतरंग द्विध्रुव हा यासाठी सर्वांत सुलभ प्रकार होय. १४३ या संख्येस मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागले असता तारेची एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे २०.१ मीटर, म्हणजे प्रत्येक भुजा १० मीटरहून किंचित अधिक येते. घरगुती वापराची साडेदहा मीटर दुपदरी वायर उलगडली की दोन्ही भुजा तयार होतात. मध्यभागी पीव्हीसी पाइपचा तुकडा विद्युतरोधक म्हणून बसवून समाक्ष केबलचा गाभा एका भुजेस व जाळी दुसरीस जोडावी. टोकांनाही पाइपचे तुकडे लावून नायलॉनच्या दोरीने ताण द्यावा. काथ्याची दोरी व बांबू पावसात भिजतात, म्हणून तार त्यांना थेट बांधू नये.

साहित्यात तडजोड चालते, परंतु लांबीत चालत नाही. लांबी चुकली तर अनुनाद बिघडतो व शक्तीचा काही भाग प्रेषकाकडे परततो. स्थिरतरंग गुणोत्तर २ असताना सुमारे ११ टक्के, तर ३ असताना २५ टक्के शक्ती परत येते. तारेवरील प्लास्टिकचे आवरण, जमिनीपासूनची उंची व जवळचे लोखंडी पत्रे यांमुळेही योग्य लांबी बदलते. म्हणून आरंभी तार थोडी लांब ठेवावी व मोजमाप करीत दोन्ही टोके समान प्रमाणात मागे दुमडत जावीत. तार कापली की परत वाढवता येत नाही. तांब्याऐवजी बांधकामाची लोखंडी तार वापरल्यास अँटेना चालते, पण शक्तीचा अपव्यय वाढतो.

उंचीविषयीचा गैरसमज

अँटेना जितकी उंच तितकी चांगली, ही समजूत खंडांतरीय संपर्काबाबत बऱ्याच अंशी योग्य आहे. आपत्तीत मात्र अपेक्षित श्रोता हजारो किलोमीटरवर नसून सोलापूर, पुणे किंवा हैदराबाद येथे असतो. ७ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ४२ मीटर असल्याने ५ ते १० मीटर उंचीवरील आडवी तार बहुतांश ऊर्जा वर फेकते. ही ऊर्जा आयनांबरावरून छत्रीसारखी खाली येते व तीन-चारशे किलोमीटरच्या परिघात मधला मूक पट्टा फारसा राहत नाही. भूकंपात मनोरे कोसळले तरी लिंबाच्या झाडाची फांदी किंवा आठ मीटरचा बांबू या कामास पुरतो. मध्यभाग बांबूवर व दोन्ही टोके माणसाच्या हाताला लागणार नाहीत इतक्या उंचीवर खाली बांधली, तर एकाच खांबावर काम भागते.

येथे वेळेची मर्यादा लक्षात घ्यावी लागते. रात्री आयनांबरातील आयनीभवन घटते व पहाटेपूर्वी ते बहुधा नीचांकी असते. अशा वेळी वर गेलेल्या ७ मेगाहर्ट्झच्या लहरी अनेकदा परत येत नाहीत. १९९३ चा भूकंप नेमका याच प्रहरी झाला होता. रात्रीसाठी ३.६ मेगाहर्ट्झची, म्हणजे सुमारे ४० मीटर लांबीची दुसरी तार हाताशी असणे आवश्यक ठरते.

दक्षता

तार वीजवाहिनीच्या वरून वा जवळून नेऊ नये, ती तुटली तरी वाहिनीवर पडणार नाही अशी जागा निवडावी आणि गडगडाट सुरू होताच केबल संचापासून सोडवावी. प्रक्षेपणासाठी केंद्र शासनाचा हौशी रेडिओ परवाना आवश्यक असून तो परीक्षेनंतर मिळतो.

समारोप

उपलब्ध साहित्यातील अँटेना हा नाइलाजाचा पर्याय नसून प्रादेशिक संपर्कासाठी ती बहुधा योग्यच रचना असते. तथापि तिची लांबी व स्थान आपत्तीच्या क्षणी शोधत बसणे परवडणारे नाही. मोबाइलचे मनोरे वीज व जोडवाहिन्यांवर अवलंबून असल्याने हा प्रश्न आजही कायम आहे. भूकंपप्रवण परिसरातील महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र विभागांना द्विध्रुवाची उभारणी प्रात्यक्षिक म्हणून घेता येईल. जुळविलेल्या दोन तारा, केबल, दोरी आणि १२ व्होल्टच्या बॅटरीची जोडणी एका पिशवीत तयार ठेवणे, तसेच परवानाधारक प्राध्यापक वा विद्यार्थ्याने वर्षातून एकदा रात्रीच्या वेळी संपर्काची चाचणी घेणे, एवढी तयारी कोणत्याही ग्रामीण महाविद्यालयाच्या आवाक्यातील आहे.