पावसाळ्यातील आजार आणि तीन प्रकारचे पाणी

जून महिन्यात मृगाच्या सरी कोसळल्या की आपल्या बुलढाणा जिल्ह्यात पेरणीची लगबग सुरू होते आणि त्यापाठोपाठ रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातील रांगही वाढू लागते. जुलाब-उलट्या, कावीळ, विषमज्वर, हिवताप आणि डेंग्यू हे या चार महिन्यांतील नेहमीचे आजार होत. या काळात खाटा अपुऱ्या पडतात. देणगीदारांच्या साहाय्याने त्या वाढविणे हे आमचे कर्तव्य आहेच; परंतु त्यांतील अनेक खाटा भरण्याची वेळच येऊ नये, हे अधिक श्रेयस्कर होय.

पाऊस स्वतः आजार आणीत नाही. आजार येतो तो मुख्यतः पाण्यातून. जे पाणी आपण पितो, जे साठवून ठेवतो आणि ज्यातून चालत जातो, त्या तीन पाण्यांतून. हा नियम गावाला आणि महानगरालाही सारखाच लागू आहे. शिक्षण व नोकरीसाठी पुण्या-मुंबईस गेलेली मुले जिल्ह्यातील घराघरांत आहेत. म्हणून दोन्ही ठिकाणांचा विचार येथे केला आहे.

पिण्याचे पाणी

जेथे नळाला रोज पाणी येत नाही, तेथे मधल्या काळात जलवाहिनी रिकामी असते. ती कोठे फुटलेली असल्यास शेजारच्या गटाराचे व डबक्याचे पाणी आत झिरपते आणि पुढील पाळीस प्रथम तेच घरात येते. म्हणून नळाचे सुरुवातीचे पाणी पिण्यासाठी भरू नये. गढूळ पाण्यात आधी तुरटी फिरवावी, गाळ बसू द्यावा, दुहेरी फडक्यातून गाळावे आणि मगच उकळावे किंवा क्लोरिनचे औषध टाकून अर्धा तास ठेवावे. गढूळ पाण्यात क्लोरिनचा प्रभाव पुरेसा पडत नाही. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर ते किमान एक मिनिट उकळत ठेवावे.

घाटाखालील शेगाव, संग्रामपूर व जळगाव जामोद या तालुक्यांतील खारपाणपट्ट्यातील कुटुंबांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. उलट पाणी आटून त्यांचे प्रमाण किंचित वाढते. अशा ठिकाणी पिण्यासाठी गोड्या पाण्याचाच स्रोत वापरावा आणि तेही शुद्ध करून घ्यावे. माठात हात न बुडविता लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी काढावे, कारण शुद्ध केलेले पाणी अस्वच्छ हातामुळे पुन्हा दूषित होते.

जुलाब सुरू झाले की बाळाचे पाणी बंद करण्याची चूक आजही अनेक घरांत होते. वास्तविक बाळ दगावते ते शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्याने. सन १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला व सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ, सोडा व ग्लुकोज यांचे द्रावण नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. तीच आजची जलसंजीवनी. साखरेच्या साहाय्याने आतडे मीठ आणि पाणी शोषून घेते, हे तिच्यामागील साधे शास्त्र.

जलसंजीवनीचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या शुद्ध पाण्यातच विरघळवावे. पाकीट नसल्यास एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. घोटघोट पाजावे, उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. अंगावरचे दूध बंद करू नये. लहान मुलांना डॉक्टर चौदा दिवस झिंक देतात, तेही मध्येच सोडू नये. “डॉक्टरसाहेब, एक सलाइन लावाच,” असा आग्रह आम्हांस नित्य ऐकू येतो. जो रुग्ण पिऊ शकतो, त्याला बहुधा सलाइनची गरज नसते. ती खाट खऱ्या गरजवंतासाठी मोकळी राहू द्यावी.

साठवलेले पाणी

पाण्याची टंचाई सोसलेल्या आपल्या जिल्ह्यात पाणी साठविणे हा दोष नव्हे, ती गरज आहे. मात्र डेंग्यूचा एडिस डास घाणीत नव्हे, तर अशाच स्वच्छ साठ्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा, हा नियम आहे. त्या दिवशी रांजण, ड्रम, कूलरची टाकी व कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करून आतील बाजू घासाव्यात. केवळ पाणी ओतून देणे पुरेसे नाही, कारण काठाला चिकटलेली अंडी कोरडी राहूनही अनेक महिने टिकतात. रिकामे करता न येणारे हौद घट्ट झाकावेत किंवा त्यांत गप्पी मासे सोडावेत. हा डास दिवसा चावतो. म्हणून लहान मुलांना दुपारी झोपवितानाही मच्छरदाणी लावावी.

साचलेले पाणी

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पूर ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदीर व गुरांच्या मूत्रातील हे जंतू पाण्यात मिसळतात आणि पायाच्या जखमेतून किंवा भेगेतून शरीरात शिरतात. जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत पूर आला, तेव्हा आपल्याही लोकांना अशाच पाण्यातून चालावे लागले. चिखलात काम करणारा शेतकरी आणि तुंबलेल्या रस्त्यावरून घरी परतणारा त्याचा मुलगा या दोघांचा धोका एकच. शक्यतो गमबूट वापरावेत, जखम झाकावी व घरी येताच साबणाने पाय धुवावेत. पायाला जखम असताना अशा पाण्यातून जावे लागल्यास प्रतिबंधक गोळीविषयी तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना विचारावे. पुढे ताप आल्यास आपण पाण्यातून चाललो होतो, हे त्यांना आवर्जून सांगावे.

रुग्णालयात केव्हा यावे

ताप दोन दिवसांहून अधिक राहिल्यास रक्त तपासावे. तोवर पॅरासिटामॉल घ्यावी. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, कारण डेंग्यूत त्यामुळे रक्तस्राव वाढू शकतो. डेंग्यूचा खरा धोका अनेकदा ताप उतरताना सुरू होतो. “ताप गेला, आता बरे आहे,” असे म्हणून घरी थांबलेला रुग्ण त्याच एक-दोन दिवसांत गंभीर होऊ शकतो. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणे किंवा विलक्षण सुस्ती, यांपैकी एकही लक्षण दिसताच तत्काळ यावे. जुलाबात बाळाचे डोळे खोल गेले, लघवी थांबली अथवा ते पिईनासे झाले, तर रात्रीही वाट पाहू नये.

विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे आप्तस्वकीय या सर्वांस आमची नम्र विनंती आहे, की ही माहिती आपल्या शेजारी आणि शहरातील मुलांपर्यंत पोहोचवावी. आपल्या दानातून उभी राहिलेली खाट ज्याला खरोखर हवी, त्याला ती वेळेवर मिळावी, हीच आमची इच्छा.